दप्तर, नस्ती आणि ‘नस्तीबद्ध’चा खरा अर्थ

तुम्ही राजापूर तहसीलसाठी लिहिलेल्या अर्जात ‘आमच्या जमिनीचे दप्तर मिळावे’ असं आहे, ते आधी बदला. दप्तर हा फारसीतून आलेला शब्द. शाळेच्या पिशवीपासून पुण्याच्या पेशवे दप्तरापर्यंत तो चालतो, पण सरकारी कामात अर्थ कागदांचा अख्खा साठा. एका प्रकरणाच्या कागदांची ती नस्ती. कुठे संचिका, कुठे धारिका म्हणतात. जुनी दप्तरं कापडात बांधतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात.

म्हणून असं लिहा: ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, फेरफार क्रमांक अमुक, या नोंदीची प्रमाणित नक्कल मिळावी.’ मौजे म्हणजे गाव, फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. गट क्रमांक नसेल तर जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबरासकट. कोकणात एकाच नंबराचे इतके हिस्से असतात की नुसत्या नंबरावर भलत्याचीच नोंद हाती येते.

आणि उत्तरात ‘प्रकरण नस्तीबद्ध केले’ दिसलं तर खूश होऊ नका. नवखे हमखास इथेच फसतात. त्याचा अर्थ काम झालं असा नाही. नस्ती बंद केली, पुढे कारवाई नाही. ‘दप्तरी दाखल’चंही तेच. कारण लेखी मागा.

घरच्या कागदांना टाचण्या नकोत. आपल्या दमट हवेत त्या गंजतात आणि नेमका सहीजवळचा कागद खातात. सुती नाडीने बांधा.