एजन्सीत जावं की कॉन्ट्रॅक्टरकडे? लेकीच्या दोन ऑफर्सबद्दल

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं. लेक जन्माने अमेरिकन सिटिझन, कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला, हातात गुप्तचर एजन्सीची स्वतःची ऑफर आणि त्याच एजन्सीचं काम घेणाऱ्या एका कंपनीचीही, पगार कंपनीचा बराच जास्त. तुम्ही विचारताय, काम तेच तर जास्त पैसे का सोडायचे?

काम बऱ्याचदा तेच असतं हे खरंय. नव्वदच्या दशकात एजन्सींनी माणसं कमी केली, मग ९/११ नंतर काम एकदम अंगावर आलं, तेव्हा कंपन्यांकडून माणसं घेतली आणि ती तात्पुरती सोय कायमचीच झाली. २०१० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अंदाज काढला तेव्हा टॉप सीक्रेट क्लिअरन्सवाल्या, म्हणजे अतिगोपनीय माहिती बघायची सरकारी परवानगी असलेल्या, ८,५४,००० लोकांपैकी २,६५,००० कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे कंपन्यांची माणसं, होते. शेजारी शेजारी बसतात, सीआयएमध्ये फरक बॅजच्या रंगाचा, स्टाफचा निळा आणि कॉन्ट्रॅक्टरचा हिरवा.

पण हिरव्या बॅजवाल्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टला बांधलेली असते. कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली आणि ते दुसऱ्या कंपनीला गेलं की नशीब असेल तर तीच खुर्ची राहते, फक्त मालक नवा, पगार आणि सुट्ट्या नव्याने ठरवायच्या, नाहीतर दुसरं काम शोधा. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाऊन आठवा, खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कामं बंद पडली होती, सरकारी नोकरांना मागचा पगार मिळाला, कॉन्ट्रॅक्टरांसाठी तशी तरतूद झाली नाही.

मला पगारापेक्षा जास्त काळजी वाटते ती जबाबदारीची. २००४ मध्ये इराकमधल्या अबू घ्रैब या अमेरिकी ताब्यातल्या तुरुंगातला कैद्यांचा छळ उघड झाला, तिथले काही इंटरॉगेटर, म्हणजे कैद्यांची चौकशी करणारे, सीएसीआय कंपनीचे होते आणि त्यांना घेतलं होतं चक्क आयटी सर्व्हिसेसच्या कॉन्ट्रॅक्टखाली, तेही सरकारी जमिनी आणि नॅशनल पार्क बघणाऱ्या इंटीरियर खात्यामार्फत! २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने कंपनीने तीन इराकींना मिळून ४.२ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. कंपनी आरोप नाकारत आली. वीस वर्षं गेली यात. म्हणजे कागदावर एक काम आणि प्रत्यक्षात भलतंच, असं होऊ शकतं, आणि बावीस वर्षांच्या पोरीला "हे माझ्या कामात बसत नाही" म्हणायचं तर पाठीशी कुणीतरी हवं. एजन्सीत तिचा बॉस सरकारी असतो, नियम तिला थेट लागू असतात, शिवाय नेमकं कशावर लक्ष ठेवायचं हे ठरवणाऱ्या खोलीत कधीतरी ती पोचू शकते. कंपनीच्या माणसाला तो निर्णय घ्यायचा अधिकारच नसतो.

म्हणून मी म्हणेन आधी एजन्सी, चार-पाच वर्षं तरी. कंपन्या अनुभवी, क्लिअरन्सवाल्या माणसांना नंतरही आनंदाने घेतात आणि तेव्हा पगारही जास्त मागता येतो. उलट दिशेने जाताना मात्र बहुतेकदा पगार कमी करून घ्यावा लागतो, ते तिशीत घरकर्ज असताना जमत नाही.

दोन्हीकडे क्लिअरन्सच्या चौकशीसाठीचा एसएफ-८६ फॉर्म भरावाच लागेल. भारतातल्या ज्या मामा-आत्या-चुलत भावंडांशी तिचं जवळचं, नेहमीचं बोलणं असतं त्यांची नावं तिने स्वतः द्यायची, काही लपवायचं नाही. नातेवाईक परदेशात असणं हा गुन्हा नाही, फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं आहे. चौकशीला महिनोन् महिने लागतात तोवर दुसरी साधी नोकरी करू दे.

आणि तरीही कंपनीच निवडली तर सही करण्याआधी तिने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, ते गेलं तर कंपनी तिला किती दिवस पगार देऊन ठेवेल, आणि रोजचं काम सांगणारा माणूस सरकारी की कंपनीचा.