सोशल मीडियावरची सगळी अकाउंट डिलीट करून टाकू का?

माझ्याकडे सल्ल्याला येणारी, नोकरी शोधणारी मुलं, नोकरी गेलेली माणसं, हा प्रश्न मला सारखा कुणीतरी विचारतंच. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव सांगत नाही.

वय २९, कस्टमर सपोर्टमध्ये चार वर्षं, कामाला चोख. एका रविवारी रात्री त्याने फेसबुकवर एका ग्राहकाच्या शिवीगाळ केलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकला, वर लिहिलं "असल्या लोकांसाठी आम्ही झोपा सोडतो". नाव काळं करून झाकलं होतं पण कोपऱ्यातला तिकीट नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा नोंद क्रमांक, तसाच राहिला. सकाळी उठून त्याने स्वतःच ती पोस्ट काढली, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढून ऑफिसात पोचवला होता. दोन दिवसांनी एचआरने बोलावलं आणि नोकरी गेली. "मॅडम, नाव तर झाकलं होतं ना," हे तो पहिल्या भेटीत तीनदा म्हणाला. मी त्याला तेव्हाच सांगितलं की ग्राहकाचं बोलणं बाहेर टाकायचा हक्क तुला नव्हता, तो माणूस कितीही वाईट बोलला असला तरी. त्याला ते लागलं, पण तिथे गोंजारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

माझ्याकडे आला तोवर चार महिने झाले होते, पाच इंटरव्ह्यू झाले होते, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला सगळं माहितीये असं धरूनच तो खुर्चीत बसायचा, त्यामुळे साध्या प्रश्नालाही अडखळायचा. रात्री जागून लोकांच्या नोकऱ्या गेल्याच्या बातम्या वाचायचा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये एका बाईने लंडनहून केपटाउनला जाताना विमानात बसायच्या आधी एक ट्वीट केलं, तिचे फॉलोअर जेमतेम १७० च्या आसपास, आणि ११ तासांनी विमान उतरेपर्यंत जगभर तिचं नाव बदनाम झालं होतं, नोकरी गेली. हे त्याला तोंडपाठ होतं. "माझं तसंच झालंय." मी विचारलं, तिचं पुढे काय झालं ते वाचलंस का? नव्हतं वाचलं. ती नंतर नोकरीला लागली, काही वर्षांनी तर जुन्याच कंपनीच्या समूहात परत गेली. भीती वाटायला लागली की माणूस गोष्ट अर्धीच वाचतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसऱ्या भेटीत आम्ही लॅपटॉप उघडला, इन्कॉग्निटो विंडो, कुठेही लॉगिन न करता त्याचं नाव शोधलं. लिंक्डइन आलं, कॉलेजच्या कुठल्याशा स्पर्धेचा फोटो आला. ती पोस्ट कुठेच नव्हती. चार महिने ज्या गोष्टीने झोप उडवली होती ती शोधून सापडत नव्हती, तो नुसता स्क्रीनकडे बघत राहिला.

मग त्याच्या फोनवरून फेसबुक प्रोफाइल उघडलं, बरंच काही पब्लिक होतं. मी म्हटलं, आता तू माणूस निवडायला बसलायस असं समज आणि मोठ्याने वाच. त्याला काळजी होती ट्रिपच्या फोटोंची. ते राहू दे म्हटलं, फिरायला गेलास तर काय झालं. पण मधूनमधून "आमच्याकडे अकलेला पगार मिळत नाही", "उद्या परत त्याच चेहऱ्यांकडे बघायचंय" असलं येत होतं. दोन वाचल्या आणि तो थांबला. "मॅडम, हा माणूस मी नाही घेणार." मला त्याहून वेगळं काही दिसलं. वेळा बघ म्हटलं. जवळपास सगळ्या पोस्ट रविवारी रात्री ११ ते १ च्या मधल्या.

इथून आमचं खरं काम सुरू झालं. सोमवारच्या धास्तीने त्याच्या पोटात गोळा यायचा, घरात बोलायला कुणी नाही, पोस्ट टाकली की दहा-वीस लाइक यायचे आणि कुणीतरी ऐकलं असं वाटायचं. अकाउंट डिलीट करून ती रात्र थोडीच डिलीट होणार होती? शिवाय लिंक्डइन बंद केलं असतं तर जुन्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या शिफारशीही गेल्या असत्या. म्हणून मी नको म्हटलं. रविवारी रात्री जे लिहावंसं वाटेल ते फोनच्या नोट्समध्ये लिहायचं, सकाळी वाचायचं, आणि त्या वेळी एका ठरलेल्या मित्राला फोन करायचा, एवढं ठरवलं.

साफसफाई केली ती पण सांगते, कारण त्यात फार वेळ जात नाही. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात. काढून टाकलेली गोष्ट गूगलवर अजून दिसत असेल तर जुना मजकूर रिफ्रेश करायची विनंती करता येते. स्क्रीनशॉटवर मात्र कुणाचाच इलाज नाही. आणि जे नोकरीत असताना दुसरी शोधतायत त्यांच्यासाठी, लिंक्डइनवर फोटोभोवतीचं ते 'नोकरी शोधतोय' असं सांगणारं हिरवं वर्तुळ सगळ्यांना दिसतं, बॉसलाही. फक्त रिक्रूटरना, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांना, दिसेल असा पर्याय आहे, त्यात तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा प्रयत्न होतो पण शंभर टक्के हमी ते देत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला "आधीची नोकरी का सोडली" याच्या उत्तरावर. पहिल्यांदा तो सहा मिनिटं बोलला, त्यातली पाच ग्राहक काय काय म्हणाला यावर. छाटत छाटत उरलं ते असं: "मी रागाच्या भरात ग्राहकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकला, त्यात तिकीट नंबर दिसत होता. कंपनीने मला काढलं. चूक माझी होती, आता कामातलं काहीही मी बाहेर टाकत नाही." विचारलं नाही तर आपणहून कबुलीजबाब द्यायला जाऊ नकोस, पण विचारलं तर खोटं नको, कारण जुन्या कंपनीला फोन जाऊ शकतो आणि मग खोटं बोलल्याचा डाग त्या पोस्टपेक्षा मोठा होतो.

सहाव्या इंटरव्ह्यूत त्याने हे सांगितलं, त्यांनी घेतलं नाही. फोनवर म्हणाला, "नाही झालं, पण आज झोप लागेल असं वाटतंय." आठव्या ठिकाणी लागला.

गेल्या महिन्यात परत आला, नोकरीला पाच महिने झाल्यावर. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅनेजरवर मीम येतात, हा काहीच टाकत नाही, साधं हसण्याचं इमोजीसुद्धा नाही, तर आता सगळे त्याला शिष्ट म्हणतात आणि जेवायला बोलवत नाहीत. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.