आवाज ऐकू येतात म्हणणारा पेशंट खरं बोलतोय का, हे एमआरआयवरून कळतं का?

तुमच्या मेहुण्याला आवाज ऐकू येतात म्हणालात, तर घरातले त्याला काय म्हणत असतील ते मला न सांगता कळतंय. आमच्याकडं परभणी जिल्ह्यात सोयाबीनच्या काढणीत दादा शेतातल्या आखाड्यावर कानात कापूस घालून बसायचा. दोन माणसं त्याच्यावर सारखी बोलायची: आता उठला, आता भाकर खायलाय, ह्याला हाकलून द्या. कापसानं काही फरक पडत नव्हता. चुलत्यांनी एकदा त्याचे ओठ हलताना बघितले अन् गड्यांसमोर निकाल देऊन टाकला, "स्वतःच पुटपुटायलंय अन् म्हणतंय लोक बोलायलेत. कामचुकार आहे नुसतं." त्या वाक्यावर दादाचा इलाज कित्येक महिने लांबला. थोरल्या भावापुढं वडिलांनी तोंड उघडलं नाही.

ओठ हलत होते, कारण स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात तो मानसिक आजार, तसाच आहे. लंडनमध्ये १९९३ साली आवाज येत असतानाच पेशंटचे मेंदू तपासले, तेव्हा ब्रोका एरिया, म्हणजे बोलणं तयार करणारा भाग, जास्त काम करताना दिसला. एरवी हा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो की येतंय ते आपलंच आहे, म्हणून ऐकणारा भाग जरा शांत राहतो. सिडनीत २०२५ मध्ये ईईजी, म्हणजे डोक्याला तारा जोडून मेंदूची हालचाल टिपणारं यंत्र, लावून लोकांना मनात एक उच्चार करायला लावला आणि त्याच क्षणी हेडफोनवर उच्चार ऐकवला. दोन्ही जुळले की निरोगी माणसाच्या मेंदूचा प्रतिसाद कमी व्हायचा, आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटचा उलट वाढायचा. स्वतःचं मनातलं बोलणं परक्याचं वाटतं ते असं. कापूस त्याला काय करणार? दादा खोटं बोलत नव्हता, चुलते चूक होते, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

एमआरआयचं म्हणाल तर गाठ वगैरे नाही ना, एवढ्यासाठी डॉक्टर काढायला सांगतात. खरं-खोटं त्यात दिसत नाही. मेहुण्याला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. 'नाटकं करतो' असं कोणी म्हणालं तर तिथंच गप्प करा, मग तो नात्यानं कितीही मोठा असो.

बाकी, सगळेच आवाज या एका कारणानं येतात असं नाही. दारू सोडताना, फार खोल डिप्रेशनमध्ये, घरातलं माणूस गेल्यावरही येतात, त्यामुळं स्किझोफ्रेनियाच आहे हे डॉक्टरनं ठरवायचं, तुम्ही-आम्ही नाही. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.