घरच्या सीसीटीव्हीचं फुटेज मोबाईलऐवजी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघता येतं का?

येतं, आणि बघावंच. तुम्ही लिहिलंय की घरी चार कॅमेरे आहेत, मोबाईलवर दिसतात, पण कॅमेरे बसवणारा म्हणतो की कॉम्प्युटरवर जमणार नाही, वेगळा मॉनिटर घ्या. त्याचं ऐकू नका. मोबाईलवर दिसतं म्हणजे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) राउटरला जोडलेला आहे. कॉम्प्युटर त्याच राउटरवर असेल तर एक रुपयाही खर्च नाही. ज्या कंपनीचा डीव्हीआर, तिचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं: हिकव्हिजनचं आयव्हीएमएस-४२००, दाहुआचं स्मार्टपीएसएस लाइट, सीपी प्लसचं केव्हीएमएस प्रो. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्कमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, दिसतो. तो पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड टाकला की चारही चौकोन समोर.

एक चूक मात्र बरेच जण करतात. डीव्हीआरची एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावून बसतात आणि काही दिसत नाही म्हणतात. लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. टीव्हीला लावा, लगेच दिसेल.

हे सगळं मी एका रात्रीत शिकलो, आणि का शिकलो ते सांगितल्याशिवाय मला हे उत्तर पुरं करता येणार नाही.

आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. घरी मी, बायको आणि ७४ वर्षांची आई. दादा मुंबईला असतो. कॅमेरे त्यानेच बसवून दिले, पैसे त्याचे, ॲप त्याच्या मोबाईलवर आणि पासवर्डही त्याच्याकडेच. एक गेटवर, एक अंगणात तुळशीवर, एक मागच्या दारी आणि एक मांगराकडे, म्हणजे ज्या खोपीत आम्ही भाटातले (माडांच्या बागेतले) नारळ साठवतो तिथे. आम्ही घरात राहणारी माणसं फक्त दिसायची, बघणारा तो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी एका रविवारी दादाचा फोन आला. मागच्या सोमवारचं फुटेज चाळताना त्याला आमचा पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मांगरातून गोणी घेऊन बाहेर पडताना दिसला होता. वेळ रात्रीचे ९:३४. मला फोन करायच्या आधी दादाने थेट पाडेल्यालाच फोन लावला होता आणि नको ते बोलून मोकळा झाला होता. वर ती क्लिप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

आई शांतपणे म्हणाली, "मीच दिले. तुळशीच्या लग्नाला दहा नारळ ने म्हटलं. दिवेलागण झाली होती."

दादा फोनवरून म्हणाला, "आई, साडेनऊला तू झोपलेली असतेस. तुला आठवत नाही आता."

हे वाक्य मला अजून बोचतं. भाटातला प्रत्येक माड कधी लावला ते सांगणारी बाई. तिच्या तोंडापेक्षा मोबाईलवरच्या आकड्यावर त्याचा भरवसा जास्त. मी म्हटलं, पासवर्ड दे, मी बघतो. "बघ तूच," म्हणून त्याने दिला.

वेळ कमी होता. आमच्या डीव्हीआरमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क. २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करतात, म्हणजे दिवसाला साधारण ८६ जीबी. अकरा-बारा दिवसांत डिस्क भरते आणि जुन्यावर नवं चढतं. सहा दिवस तर झालेच होते.

बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा. ते मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्येच बंद केलंय. (त्यांच्याच एज ब्राउझरमध्ये त्याचा एक मोड आहे, जुना डीव्हीआर असेल तर तो कामी येतो.) शेवटी कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवलं, डीव्हीआर जोडला आणि तो सोमवार लावला. चारही कॅमेरे एकाच वेळी, एकाच काट्यावर. मोबाईलवर एकेक कॅमेरा बघणाऱ्याला हे कधीच मिळत नाही, आणि सगळी मेख इथेच होती.

शिवाय मोबाईलवर सहसा येतो तो सब स्ट्रीम, म्हणजे कमी बारकाव्याचं हलकं चित्र, आमचा ३५२ बाय २८८ चा. कॉम्प्युटरवर मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण बारकाव्याचं चित्र लावलं, १९२० बाय १०८०. मोबाईलवर अंगणात नुसता पांढरा ठिपका दिसत होता, ती तुळशीतली पणती निघाली. मागच्या दाराच्या चौकटीत काहीतरी हलत होतं, तो आईचा हात. ती मांगराकडे बोट दाखवत होती. पाडेली मान डोलावतो आणि गोणी उचलतो.

आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी थोडं मागे नेलं. गेटच्या कॅमेऱ्यात उजेड आला आणि खिडक्यांची एक लांब ओळ सरकत गेली. स्क्रीनवर वेळ ९:३१.

आई म्हणाली, "अरे, ही निमाणी न्हय?"

निमाणी म्हणजे शेवटची बस. आमच्या गावातून ती सातच्या ठोक्याला जाते आणि त्यानंतर रस्त्यावर बस नाही. साडेनऊला बस कुठली?

मी डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये गेलो. टाईम झोन: जीएमटी +८. चवथीच्या (गणपतीच्या) सुमारास वीज पडून ॲडाप्टर जळला होता, तेव्हा बसवणाऱ्याने डीव्हीआर फॅक्टरी रिसेट केला आणि वेळ चीनची राहिली. आपली +५:३०. बरोबर अडीच तास पुढे. पाडेली आला होता सात वाजून चार मिनिटांनी, निमाणीच्या पाठोपाठ, आणि आई म्हणाली तशी दिवेलागण झालेली होती. नोव्हेंबरात सातला काळोखच असतो, त्यामुळे रात्रीचं काळं-पांढरं चित्र बघून शंका यायचं कारणच नव्हतं.

दादाला त्याच रात्री फोन केला. म्हणाला, "मग टाईम चुकला असेल, त्यात काय एवढं." आईला एक शब्द नाही, पाडेल्याला नाही.

त्यात काय ते मी सांगतो. पुढच्या दोन पाडणींना तो माणूस आला नाही. आज माडावर चढणारा माणूस गोव्यात किती मिनतवाऱ्यांनी मिळतो ते भाट असलेल्यांना विचारा. सुकलेले नारळ मांगराच्या कौलांवर पडत राहिले. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, हात जोडले. तिसऱ्या पाडणीला आला तो आईच्या शब्दाखातर, माझ्या नव्हे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं ठाम उत्तर हेच की स्क्रीन घरात हवी आणि घरात राहणाऱ्या माणसांच्या हाताखाली हवी. त्या अंगणात कोण कधी येतं, का येतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी फुटेज बघावं. पैसे कोणी भरले याचा इथे संबंध नाही. दूरच्या माणसाला काही खटकलं तर त्याने आधी घरी फोन करावा, परक्याला नव्हे. मी त्याच आठवड्यात पासवर्ड बदलला. दादा अजून मागतो, मी दिलेला नाही. चवथीला घरी येतो तेव्हा हवं तेवढं बघू दे.

राहिलेलं थोडक्यात. कॉम्प्युटर बंद असला तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, ते डीव्हीआर करतो. मूळचा पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. पोलिसांकडे द्यायची वेळ आली तर स्क्रीनचा मोबाईलने व्हिडिओ काढून देऊ नका, डीव्हीआरमधून मूळ फाईल काढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. आणि कॅमेरा शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला नसावा, ते मात्र आमच्याकडे दादाने नीट बघितलं होतं.

आमची स्क्रीन आता सोप्यावर आहे. संध्याकाळी दिवा लावून आई तिथे बसते आणि निमाणी गेली की कोपऱ्यातली वेळ बघते.

सॉफ्टवेअर टाकूनही चित्र आलं नाही तर डीव्हीआरच्या खालच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, तो इथे लिहा, बघून सांगतो.