एकच मालिका पुन्हा पुन्हा पाहणं: काळजी कधी करावी?

"पोरगी एकतीस वर्षांची झाली, तरी रात्री त्या पिशाच्चांच्या मालिकेतच असते. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?" असा प्रश्न घेऊन एक वडील आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मालिका होती 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही अमेरिकन टीव्ही मालिका. 1997 ते 2003, सात पर्वं, 144 भाग. सनीडेल गावातली बफी नावाची शाळकरी मुलगी रात्री पिशाच्चं मारते, एवढंच वडिलांना ठाऊक होतं.

अशा वेळी मुलीला "का बघतेस?" असं विचारू नये, माणूस लगेच सफाई देऊ लागतो. कुठले भाग आवडतात आणि कुठले सोडून देतेस, असं विचारावं. सोडलेले भाग जास्त बोलतात. ही मुलगी पाचव्या पर्वाचा पंधरावा भाग संपायच्या आत बंद करायची आणि थेट अठराव्यावर जायची. पंधराव्याच्या शेवटी बफी घरी येते, तर आई सोफ्यावर निपचित पडलेली. सोळाव्यात पार्श्वसंगीतच नाही. आईला कुठल्या राक्षसानं मारलेलं नसतं, मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असते, त्यामुळे बफीची सगळी ताकद तिथे फुकट. सतराव्यात धाकटी बहीण मंत्रानं आईला परत आणू पाहते आणि ऐन वेळी फोटो फाडून मंत्र मोडते.

मुलीची आई ब्रेन हॅमरेजनं घरातच गेली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, घरी सगळ्यांत आधी तीच पोचली. दिवसकार्य, पाहुणे, वडिलांचं जेवणखाण तिनं सांभाळलं. रडायचं राहून गेलं. मालिकेतल्या आईशी तिचं नातं होतं, ते या तीन भागांच्या अलीकडे थांबायचं. यात वेड काही नाही. गेलेल्या माणसाशी नातं चालू ठेवणं हा शोकाचाच भाग आहे.

आधी दोन आठवडे साधी नोंद ठेवायला दिली: कुठला भाग, किती वाजता, त्याआधी काय घडलं, नंतर झोप कशी लागली. मग सोळावा भाग. तो चार अंकांत बांधलेला आहे, म्हणून एका बैठकीला एकच अंक. दिवसाउजेडी, ऑटोप्ले बंद, रिमोट तिच्याच हातात, सोबत विश्वासातलं एक माणूस, आणि नंतरचा अर्धा तास मोकळा. रात्री एकटीनं सलग पाहिला की झोप उडते आणि पुन्हा तो भाग लावायची हिंमत होत नाही.

वडील सबस्क्रिप्शन बंद करायला निघाले होते. तसं केलं की मुलं चोरून बघतात आणि बोलणं तेवढं बंद होतं. त्यांना सांगितलं, "काका, एक भाग सोबत बघा, 'काय हे खूळ' म्हणू नका. फक्त विचारा, यातली आई तुला कशी वाटते?" त्यांनी विचारलं. त्या घरात आईचा विषय बऱ्याच वर्षांनी निघाला.

आवडती मालिका दहाव्यांदा पाहणं हे काळजीचं कारण नव्हे. पण मालिकेपायी रोजची झोप, नोकरी, जेवण किंवा माणसं तुटत असतील, मृत्यूनंतर वर्ष उलटूनही शोक पहिल्या दिवसाइतकाच कामं अडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं कानावर आलं तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.