"हात तर लावला नाही, मग तक्रार कशाची करू?"

हा प्रश्न वाळूज एमआयडीसीतल्या इतक्या पोरींनी विचारलाय की आता तोंडपाठ झालाय. त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

डिप्लोमा मेकॅनिकल, माजलगावकडची, लाईनवर सगळी पोरं अन् क्वालिटीला ही एकटी. झोप नाही, ॲसिडिटी, अन् सहा महिन्यात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन, म्हणून डॉक्टरांनीच समुपदेशनासाठी माझ्याकडं पाठवलेली. पाणी दिलं तर "नको मॅडम", चहा नको. आमच्याकडचा मे महिना, अन् पोरीच्या बॅगेत बाटली काठोकाठ भरलेली. म्हटलं पाणी का पीत नाहीस गं? बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली अन् मग म्हणाली, "बाथरूमला सरांच्या केबिनपुढून जावं लागतं."

सर म्हणजे सुपरवायझर. ती गेज लावून रीडिंग घेताना पार चिकटून मागं उभं राहायचं, रात्री अकराला 'झोपलीस का', सगळ्यांपुढं फिगरवरून बोलायचं अन् पोरं खिदळायची. "मीच लय मनावर घेते का मॅडम?"

इथं मी चुकले. लगेच कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगत सुटले, की अश्लील बोलणं, नकोसे मेसेज, हावभाव सगळं त्यात येतं, हात लावायलाच पाहिजे असं नाही, 10 किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागतेच, कमी असली किंवा तक्रार मालकावरच असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती. सगळं बरोबर, पण पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही.

मग मीच फोन केला, तक्रारीचं राहू दे, पाण्याचं बोलू. तेव्हा खरी भीती निघाली. "पपांना कळलं तर म्हणतील बस झाली नोकरी, अन् स्थळं बघायला लागतील." त्यो तिथंच राहणार अन् घरी बसणार ही, हा हिशोब काही खोटा नव्हता, असं होताना मी पाहिलंय.

म्हणून घाई केली नाही. वहीच्या मागच्या पानावर तारीख, काय झालं, कोण हजर होतं एवढंच लिहायचं अन् मेसेज डिलीट करायचे नाहीत. शेवटच्या प्रकारापासून 3 महिन्यात लेखी द्यावं लागतं, योग्य कारण असलं तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते, हे मात्र स्पष्ट सांगितलं. आधी आईला सांग म्हटलं. आई सगळं ऐकून घेऊन म्हणे काय, "अन् त्याच्यापायी तू पाणी सोडलंस?"

आईनंच पपांना गळी उतरवलं. तक्रार दिली, चौकशी होईपर्यंत त्याला दुसरीकडं हलवा असंही लेखीच मागितलं, तशी सोय कायद्यात आहे, अन् समितीनं ते मान्य केलं. चौकशी चालू आहे, 90 दिवसात संपवायची असते. लाईनवरची निम्मी पोरं हिच्याशी बोलत नाहीत, झोप अजून तुटकच.

परवा आली तेव्हा दोन ग्लास पाणी प्याली अन् मधेच उठून म्हणाली, "मॅडम, बाथरूम कुठंय?"