बरी झाले तर केस ढिली पडंल का?

ॲक्सिडेंटनंतर माझ्याकडं कौन्सेलिंगला येणारी माणसं हे पहिल्या दिवशी विचारत नाहीत, जरा ओळख झाली की हळूच काढतात, मॅडम ट्रीटमेंट घेऊन बरी झाले तर भरपाई कमी मिळंल का हो? निपाणीकडच्या एका ताईंनी पण तेच विचारलं (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). कागलजवळ हायवेला त्यांच्या गाडीला मागनं ट्रकनं ठोकलं, मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, घरचे म्हणाले सुटलीस बाई. पण ताई गाडीत बसायलाच तयार नाहीत, करकचून ब्रेक ऐकला की घाम, रात्री दचकून उठायच्या. ब्लाऊज शिवायचा धंदा, अस्तर आणायला बेळगावला खडेबाजारला जायच्या ते बंद, गिऱ्हाईक तुटलं. महिना उलटला तरी हे कमी होईना तेव्हा मी सायकियाट्रिस्टकडं पाठवलं, कारण पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार) आहे का नाही हे लिहून द्यायचं काम त्यांचं, माझं नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि दिरानं डोक्यात घातलं, "केस संपूस्तोर घेऊ नको, कोर्टात आजारी कशी दिसणार?" असा सल्लागार प्रत्येक घरात एक असतोच.

मी सांगितलं ते असं. मनाला बसलेला धक्का भरपाईत धरतात, १९९५ च्या हट्टंगडी ह्या अपघात भरपाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं शरीराचा आणि मनाचा धक्का दोन्ही धरलेत. पण नुसतं भीती वाटते म्हणून भागत नाही, केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, औषधाची बिलं, शिलाईची वही, हे सगळं लागतं, आणि ट्रीटमेंटच घेतली नाही तर इन्शुरन्सचा वकील पहिलं हेच विचारणार की एवढा त्रास होता तर डॉक्टरकडं का गेला नाही? बऱ्या झालात तर पुढच्या नुकसानीचा आकडा कमी होऊ शकतो, हे मी लपवलं नाही. पण झालेला खर्च, बुडालेली कमाई, सोसलेला त्रास ह्याचा हक्क त्यानं जात नाही. आणि केस किती वर्षं चालंल काय नेम, तोवर जागून काढायच्या का रात्री? (अंगाला काहीच लागलं नसंल, नुसता मनाचाच त्रास असंल तर क्लेम अवघड जातो, तिथं वकिलाला आधी विचारा.)

दुसरा घोळ बॉर्डरचा. अपघात महाराष्ट्रात, घर कर्नाटकात, म्हणून ह्यांना वाटत होतं कोल्हापूरला खेटे घालावे लागणार, त्या नादात दिवस चालले होते. तसं नाही, आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलपुढंही (अपघाताच्या भरपाईचं कोर्ट) क्लेम घालता येतो. फक्त अपघातानंतर सहा महिन्यांत घालायचा असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आलाय, त्यामुळं बसून राहू नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

ताईंनी गोळ्या परत सुरू केल्या. आम्ही आधी दारात उभ्या गाडीत नुसतं बसायचं केलं, मग सर्व्हिस रोड, मग नवऱ्याला गाडी हळू मारायला लावून तवंदी घाट, तिथं एकदा अर्ध्यातनं परत फिरल्या पण पुढच्या वेळी घाट पूर्ण उतरल्या. क्लेमच्या तारखा अजून पडतायत. तुमच्यातल्या कुणाला असं होत असंल आणि डॉक्टरकडं जायला धीर होत नसंल तर १४४१६ ला, टेली मानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, मराठीतनं बोला नाहीतर कन्नडमधनं.